कानात हॉल, टेपवर गॅरेज

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटमध्ये गॅरेजात गाडी ठेवणारं मराठी कुटुंब मला अजून भेटायचं आहे. गाडी बाहेर दवात भिजत असते. आत मुलांच्या लहानपणच्या सायकली, भारतातून येताना आणलेल्या आणि त्यानंतर उघडायचं धाडस न झालेल्या बॅगा, गणपतीचं मखर आणि हल्ली एक स्टुडिओ. मार्च २०२० मध्ये देश बंद झाला तेव्हा इथले लोक घरी पाव भाजायला शिकले. आमच्या मंडळींनी माइक मागवले.

वेलिंग्टनहून निघालेली लोकल हट नदीच्या कडेकडेने येऊन जिथं दमून थांबते, ते हे अप्पर हट. १९६६ पासून अधिकृत शहर आहे, वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास, भोवती डोंगर, आणि संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाण्याला याहून चांगली जागा कुठली? तक्रार करायला कोणी नाही. ऐकायलाही कोणी नाही हीच काय ती अडचण, आणि ती हेडफोनने सुटते.

स्टुडिओत एक लॅपटॉप असतो, एक माइक असतो, आणि दोघांच्या मध्ये वीतभर लांबीची एक धातूची चीज असते, तिचं शास्त्रीय नाव ऑडिओ इंटरफेस. पेटी म्हणावं तर हार्मोनियमवाले रागावतात, म्हणून सगळे डबा म्हणतात. मला एकदा या डब्याचं मॅन्युअल वाचताना इथल्या मराठी मंडळातल्या दोघांनी पाहिलं. तेव्हापासून मी ‘साउंडवाली ताई’. मंडळात पदं अशीच वाटली जातात. खजिनदाराला कोणीतरी कधीतरी सुटे पैसे मोजताना पाहिलेलं असतं.

डब्याचं मूळ काम साधं. माइकमधून येणारी वीज आकड्यांत बदलून लॅपटॉपला द्यायची, आणि लॅपटॉपकडून आलेले आकडे परत विजेत बदलून हेडफोनला द्यायचे. पण बऱ्याच डब्यांत आणखी एक चिप बसवलेली असते. ती आवाजावर जागच्या जागी संस्कार करते: रिव्हर्ब (म्हणजे घुमारा), कॉम्प्रेसर, इक्वलायझर. या चिपची बटणं डब्यावर नसतात. ती लॅपटॉपच्या पडद्यावर, मिक्सर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. स्टाइनबर्गचं डीएसपीमिक्सएफएक्स, आरएमईचं टोटलमिक्स, मोटूचं क्यूमिक्स, युनिव्हर्सल ऑडिओचं कन्सोल. नावं निरनिराळी, चित्र एकच. उभ्या पट्ट्या, गोल खुंट्या, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याने मुकाट्याने लॅपटॉप मिटावा इतकी बटणं.

हे सॉफ्टवेअर स्वतः काही करत नाही, नुसते हुकूम सोडतं. राबतो तो डबा. त्यामुळे काही डब्यांत सॉफ्टवेअर बंद केलं तरी रिव्हर्ब चालूच राहतो. रात्री अभंग रेकॉर्ड करून झोपी गेलेले गृहस्थ सकाळी त्याच डब्यावरून ऑफिसच्या मीटिंगला बसतात, आणि त्यांचं ‘गुड मॉर्निंग’ वेलिंग्टनमधल्या साहेबांपर्यंत थेट गाभाऱ्यातून पोहोचतं. साहेब त्या दिवशी त्यांचं बोलणं मध्ये तोडत नाहीत, असाही अनुभव आहे.

कोणी विचारेल, एवढा उपद्व्याप कशाला, लॅपटॉपमध्ये इफेक्ट नाहीत का? आहेत, हवे तितके आहेत. पण लॅपटॉप आवाज गठ्ठ्यागठ्ठ्याने घेतो. सेकंदाला ४८ हजार नमुने आणि गठ्ठा २५६ नमुन्यांचा, असा हिशोब धरला तर एक गठ्ठा भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात. जाताना एक गठ्ठा, येताना एक, वर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर यांची दस्तुरी. १५ मिलिसेकंद बघताबघता होतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तेव्हा १५ मिलिसेकंद म्हणजे तुम्ही स्वतःपासून पाच मीटरवर उभे राहून गाताय. लॅपटॉप मुलाने कॉलेज संपल्यावर टाकून दिलेला असेल (मंडळाचा लॅपटॉप हा नेहमी असाच असतो), तर गठ्ठा १०२४ चा करावा लागतो. मग नुसत्या गठ्ठ्यांचेच ४३ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ पंधरा मीटर. गायक गॅरेजात आणि त्याचा आवाज शेजाऱ्याच्या कुंपणापाशी. मग गायक त्या आवाजासाठी थांबतो, आवाज गायकासाठी थांबतो, आणि मध्यलयीत सुरू झालेलं भावगीत अंतऱ्याला पोहोचेपर्यंत विलंबित झालेलं असतं. डब्यातली चिप हा फेरा वाचवते. आवाज डब्यातल्या डब्यात वळतो, दोन मिलिसेकंदांच्या आत कानात येतो, आणि येताना नटूनथटून येतो.

या नटण्यातच सगळी मौज आहे.

दर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, पुण्याहून कोणाचे ना कोणाचे वडील इथे येतात. पहिले आठ दिवस ते हवेचं कौतुक करतात. नवव्या दिवशी त्यांना करमेनासं होतं आणि सूनबाईंना आठवतं की गॅरेजवाल्या ताई आहेत. असे एक काका आले. बँकेतून निवृत्त, भावगीतांचा शौक, आवाज खरोखर बरा. माइकसमोर उभे राहिले, हेडफोन चढवले, एक ओळ गायले आणि म्हणाले, “ताई, जरा घुमवा की.”

काकांचा यात दोष नाही. आपल्याकडे कुठल्याही मांडवात माइक घेतला की अॅम्प्लिफायरवाला आधी इको वाढवतो आणि मग ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणतो. पाहुण्यांचं नाव तीनदा ऐकू आलं नाही तर पाहुणे आलेच नाहीत असं समजणारी आपली पिढी. मी पडद्यावर रिव्हर्बचा ‘हॉल’ हा प्रकार निवडला आणि खुंटी फिरवली. काकांनी परत ओळ घेतली. चेहरा बदलला. खांदे मागे गेले. डोळे मिटले. मघाशी जो स्वर ते चाचपडत घेत होते तो आता ते वरून, आरामात, पान लावल्यागत घेऊ लागले. एक जागा अशी आली की सूनबाईंनी मोबाइल खाली ठेवला.

गाणं संपलं. मी रेकॉर्डिंग लावलं.

“हे कोण?” काका म्हणाले.

“तुम्हीच, काका.”

“छे. माझा तो मघाचा आवाज कुठे गेला?”

“तो फक्त तुमच्या कानात होता.”

काका बराच वेळ डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे सुनेला हा ऐकू येत होता?”

तर या सॉफ्टवेअरच्या सगळ्या पसाऱ्यात खरं महत्त्वाचं बटण एकच: इफेक्ट नुसता ऐकायचा की रेकॉर्डही करायचा. डीएसपीमिक्सएफएक्समध्ये ती निवड प्रत्येक चॅनलवर असते, इतरांकडे निराळ्या कोपऱ्यात असते, पण असते. माझं धोरण ठरलेलं आहे. कानात हॉल, टेपवर कोरडं. कोरड्यावर नंतर हवं तेवढं चढवता येतं. एकदा रिव्हर्बसकट रेकॉर्ड केलेल्या गाण्यातून रिव्हर्ब काढायचा म्हणजे चहातून साखर काढायची. पण हे गायकाला आधी सांगायचं नाही. गायकाला कानातल्या हॉलची गरज असते, ती मान्य करावी. त्या हॉलमुळे तो घाबरत नाही, ओरडत नाही, शेवटचा स्वर घाईने सोडून पळत नाही. त्या अर्थाने काकांचा मघाचा आवाज खोटा नव्हता. सुनेने मोबाइल खाली ठेवला तो कोरडाच आवाज ऐकून. हे मी त्यांना सांगितलं, पण तोवर ते आरशात स्वतःला नवा माणूस भेटल्यासारखे उदास झाले होते.

काहींना एकदाच ऐकू येऊन पुरत नाही. डब्यातून थेट आवाज येतोय, शिवाय लॅपटॉपच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलंही ऐकण्याचं बटण चालू आहे. मग आवाज दोनदा येतो, दुसरा पहिल्याच्या पाठीला चिकटून, आणि गायक पाइपातून बोलणाऱ्या यंत्रमानवासारखा ऐकू येतो. इलाज अगदी सोपा: दोन्हीपैकी एक बंद करा. पण आमच्याकडे दर वेळी आधी माइक बदलला जातो, मग केबल, मग लॅपटॉप, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं की हा माल चीनचा आहे. ब्लूटूथचे हेडफोन घेऊन येणाऱ्यांना मात्र मी दारातूनच परत पाठवते. त्यात सेकंदाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्यापासून पुढे कितीही उशीर होतो, आणि तिथं डब्यातली चिपच काय, ब्रह्मदेवही काही करू शकत नाही.

रिव्हर्बची ही हौस आजची नाही. १९४७ मध्ये शिकागोत बिल पुटनम नावाच्या ध्वनिमुद्रकाने हार्मोनिका वाजवणाऱ्या एका त्रिकुटाच्या गाण्याला घुमारा हवा म्हणून चक्क न्हाणीघर वापरलं. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक, आणि कोणी पाणी सोडायचं नाही. ते गाणं तुफान चाललं. याच पुटनमने पुढे युनिव्हर्सल ऑडिओ कंपनी काढली. आज त्या नावाचे डबे चिपमध्ये जे करतात त्याचं मूळ असं मोरीत आहे. न्हाणीघरात आपला आवाज बरा लागतो हे तोवर प्रत्येक माणसाला माहीत होतं. पुटनमने फक्त माइक आत नेला.

मग १९५७ मध्ये ईएमटी या जर्मन कंपनीने प्लेट आणली. लाकडी पेटाऱ्यात टांगलेला, साधारण एक मीटर बाय दोन मीटरचा पोलादी पत्रा. आवाजाने तो थरथरवायचा आणि ती थरथर टिपायची. वजन पावणेतीनशे किलोच्या घरात. आज मिक्सरमध्ये रिव्हर्बचा प्रकार निवडायला गेलं की ‘हॉल, रूम, प्लेट’ अशी यादी उलगडते. त्यातली प्लेट म्हणजे तो पत्रा. आमच्या एका वहिनींची इतकी वर्षं समजूत होती की प्लेट म्हणजे जेवणाच्या वेळी लावायचं पार्श्वसंगीत. मी ती दुरुस्त केली नाही. त्या सेटिंगवर त्यांचा आवाज छानच लागतो.

आपल्याकडे १९४९ मध्ये ‘महल’ हा चित्रपट आला. खेमचंद प्रकाश यांचं संगीत आणि लताबाईंचा आवाज. एका गाण्यात तो आवाज दूरवरून जवळ येत जाणारा पाहिजे होता, आणि त्यासाठी पत्रा नव्हता, चिप नव्हती, न्हाणीघरही नव्हतं. मग बाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात चालत माइकपाशी आल्या. बस. इफेक्ट झाला. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच प्रयोग मागितला. आमच्या गॅरेजात कोपऱ्यापासून माइकपर्यंत जाताना वाटेत गवत कापायचं यंत्र लागतं, ते रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं.

भावगीताला रिव्हर्ब मानवतो, ख्यालाला नाही, हे माझं ठाम मत आहे आणि त्याला गणिताचा आधार आहे. तीन सेकंद रेंगाळणारा हॉल घ्या आणि सेकंदाला आठ स्वरांची तान घ्या. कुठल्याही क्षणी हवेत चोवीस स्वर तरंगत असतात. तीन सप्तकांत मिळूनही शुद्ध स्वर एकवीसच. मारव्याची तान घेतली तरी शेवटी सगळे राग एकाच वेळी गायल्याचा आनंद मिळतो. आमच्याकडे एक शास्त्रीय गाणारे गृहस्थ आहेत, त्यांना हा आनंद फार आवडतो. रिव्हर्ब कमी केला की आपल्या ताना अस्पष्ट येतात अशी त्यांची तक्रार असते. खरं म्हणजे तेव्हाच त्या स्पष्ट येतात.

दुसरी भानगड अशी की बऱ्याच डब्यांत रिव्हर्ब यंत्र एकच असतं. प्रत्येक चॅनलवर आपापला हिस्सा कमीजास्त करता येतो, पण प्रकार सगळ्यांना मिळून एकच. गायिकेला हॉल हवा, तबलजींना रूम, आणि पेटीवाले म्हणतात मला काहीच नको, फक्त माझा आवाज यांच्यापेक्षा मोठा ठेवा. मंडळाच्या वार्षिक सभेत देणगीच्या रकमेवरून जेवढा वाद होत नाही तेवढा यावरून होतो. शेवटी मी हॉलच ठेवते, नाव वाचून दाखवताना ‘रूम’ म्हणते, आणि तबलजी समाधानाने मान हलवतात.

कॉम्प्रेसर हा मात्र विश्वासू प्राणी नाही. मोठा आवाज दाबायचा आणि लहान आवाज वर आणायचा, असं त्याचं समाजवादी काम. पण लहान आवाज म्हणजे फक्त गायकाचा हळुवार स्वर असं थोडंच आहे? फेब्रुवारीत अप्पर हटच्या प्रत्येक झाडावर सिकाडा नावाचे किडे किरकिरत असतात. गायिका श्वास घ्यायला थांबली की कॉम्प्रेसर आपुलकीने सिकाडांना पुढे आणतो. शिवाय हीट पंपाचा घरघराट, खिडकीबाहेरचा वारा, वायरारापाकडे निघालेल्या डिझेल गाडीचा भोंगा. आणि तुई. हा इथला काळा, गळ्याशी पांढरा गोंडा असलेला पक्षी. त्याच्या कंठाचे दोन भाग स्वतंत्र चालतात, म्हणून तो एका वेळी दोन स्वर काढू शकतो, वर नक्कल करण्यात पटाईत. आमच्या कुंपणावरच्या झाडात बसणारा तुई गेल्या वर्षभरात बासरीवाल्यांची सुरुवातीची जागा शिकला आहे. बासरीवाल्यांपेक्षा सुरात घेतो. त्याला रिव्हर्बही लागत नाही.

हे आवाज नकोत म्हणून गेट नावाचा इफेक्ट लावावा, तर तो दार बंद करण्याच्या बाबतीत अतिउत्साही. ठरावीक पातळीखाली आवाज गेला की खाड्कन दार लावायचं एवढंच त्याला कळतं. मींडेच्या शेवटी स्वर विरत जातो, तिथंच तो दार लावतो. ऐकणाऱ्याला वाटतं बाईंना कोणीतरी उचलून नेलं. गेट हा ढोल-ताशासाठी ठीक आहे. ठुमरीजवळ त्याला फिरकू देऊ नये.

इक्वलायझरमधलं ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारं बटण मला सर्वांत प्रिय, कारण त्याच्यामुळे विजेची गुणगुण कमी होते. न्यूझीलंडची वीजही भारतासारखीच ५० हर्ट्झची. ही गुणगुण खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर येते, अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्श्याने. म्हणजे कोथरूडच्या फ्रिजचा आणि अप्पर हटच्या फ्रिजचा षड्ज एकच आहे, आणि तो थोडा चढा आहे. आमच्याकडे एक बाई कुठलाही तानपुरा न लावता नेमक्या याच चढ्या सुरात सुरुवात करतात. लोक त्यांना बेसूर म्हणतात. मला त्या स्वयंपाकघराशी प्रामाणिक वाटतात.

गिटारच्या अॅम्प्लिफायरची नक्कलही काही डब्यांत फुकट येते. क्लीन, क्रंच, लीड, ड्राइव्ह अशा चार प्रती असतात. गेल्या दिवाळीच्या तालमीत एका चौदा वर्षांच्या मुलाने माझी पाठ वळताच पेटीच्या चॅनलवर ड्राइव्ह लावला. ‘नमन नटवरा’च्या थाटात सुरू झालेली पेटी एकदम फाडफाड गर्जू लागली. पेटीवाले दचकले, थांबले, इकडेतिकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “राहू दे, ताई.” त्यानंतर ते तालमीला पहिल्यांदा वेळेवर येऊ लागले.

त्याच मुलाचा दुसरा आग्रह असा की रेकॉर्डिंग १९२ किलोहर्ट्झवर करावं. आकडा मोठा म्हणजे माल उत्तम, असं त्याचं वय आहे. तेवढा आकडा लावला की अनेक डबे इफेक्ट बंद करतात, कारण चिपला दम पुरत नाही. आणि मिळतं काय? १९२ वर ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपता येतो. चांगल्या कानाचा माणूस २० पर्यंत ऐकतो, आमच्या श्रोत्यांचं सरासरी वय धरलं तर १२ सुद्धा उदार अंदाज होईल. वरचं सगळं वटवाघळांसाठी. न्यूझीलंडचे मूळचे, जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं, आणि इथलं लांब शेपटीचं वटवाघूळ साधारण ४० किलोहर्ट्झवर साद घालतं. तेव्हा स्थानिक रहिवाशांचा मान राखायचा म्हणून १९२ लावायला माझी हरकत नाही. वर्गणीचं त्यांच्याशी बोलून घ्या.

कोरसचं दुखणं इफेक्टने बरं होत नाही. आरतीला सहा माणसं येतात, त्यांची साठ करायला आम्ही डिले लावून पाहिला. सहाच माणसं दहा वेळा उशिरा आली. या बाबतीत पीटर जॅक्सनचा हेवा वाटतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी राक्षससैन्याचा गजर हवा होता, तेव्हा त्याने वेलिंग्टनच्या स्टेडियमवर क्रिकेट सामन्याच्या मधल्या सुट्टीत सुमारे पंचवीस हजार प्रेक्षकांकडून तो म्हणवून घेतला. त्याच चित्रपटांतलं रिव्हेंडेल आमच्या शहराच्या उत्तरेला कायटोकेच्या रानात उभारलं होतं. एल्फ लोक तिथं बारीक, घुमाऱ्यासकट आवाजात बोलतात. पाहुण्यांना घेऊन गेलो तेव्हा काकांनी झाडांत उभं राहून एक तान घेतली आणि निराश होऊन म्हणाले, “इथं काहीच घुमत नाही हो.”

पुण्यातल्या गुरुजींकडे ऑनलाइन शिकणाऱ्यांची कथा आणखी करुण. डब्यात लूपबॅक नावाची सोय असते, तिने लॅपटॉपवरचा तानपुरा आणि आपला आवाज एकत्र करून पलीकडे पाठवता येतो. आपण रिव्हर्ब, तानपुरा सगळं सजवून पाठवतो. आणि व्हिडिओ कॉलचं अॅप तानपुऱ्याला पंखा समजतं. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, या तत्त्वावर ते तानपुरा गाळून टाकतं आणि पलीकडे रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न मात्र कलात्मक समजून जपतं. मूळ आवाज तसाच जाऊ देण्याचं एक बटण अॅपमध्ये असतं, ते आधी शोधावं. उशिराचं मात्र काही करता येत नाही. पुणे ते वेलिंग्टन सरळ रेषेतही बारा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन निदान १२० मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट. द्रुत तीनतालात मात्रा २५० मिलिसेकंदांची धरली, तर गुरुजींची सम आपल्याकडे येऊन आपली त्यांच्याकडे पोहोचते तेव्हा गुरुजी पुढच्या मात्रेवर पोहोचलेले असतात. एका शिष्याने हा हिशोब गुरुजींना समजावून सांगितला. गुरुजी म्हणाले, “समोर बसून शिकत होतास तेव्हाही असंच व्हायचं.”

काका परत जायच्या आधी एकदा शेवटचं गायले. यावेळी मी कानात १५ टक्के हॉल दिला, टेपवर कोरडं घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉपमध्ये निवांतपणे वर थोडी प्लेट लावून गाणं पाठवलं. त्यांना आवडलं. फक्त एक शंका होती. “ताई, त्या यादीत हॉल आहे, रूम आहे, पत्रा आहे. देऊळ का नाही? हॉलमध्ये आम्ही गायलोय कधी? आम्ही गायलो देवळात.”

प्रश्न बिनतोड होता. डब्यातले रिव्हर्ब बहुतेक गणिताने रचलेले, कुठल्याही खऱ्या जागेचे नसतात, त्यामुळे त्यांत देऊळ घालता येत नाही. पण लॅपटॉपमध्ये घालता येतं. कन्व्होल्यूशन नावाचा प्रकार आहे, त्यात एखाद्या खऱ्या जागेत केलेला एकच खणखणीत आवाज आणि त्याचं विरत जाणं टिपून घेतलं की ती जागा कुठल्याही गाण्याला लावता येते. विजापूरचा गोलघुमट मी काकांना देऊ केला होता. तिथं कुजबुजलेलं घुमटाच्या पलीकडे ऐकू येतं आणि एक टाळी अनेकदा परत येते. काका म्हणाले, नको, आधीच सूनबाईंना एकदा ऐकणं पुष्कळ होतं. त्यांना हवं आहे कार्ल्याचं चैत्यगृह. दोन हजार वर्षांचा दगड, पंचेचाळीस मीटर खोल, वर लाकडी फासळ्या. शाळेच्या सहलीत तिथं ते ओरडले होते आणि मास्तरांनी कान धरला होता, तरी तो आवाज अजून लक्षात आहे म्हणतात.

तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना विनंती. लोणावळ्याच्या बाजूला जाणार असाल, तर कार्ल्याच्या लेण्यांत सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत, चैत्यगृहाच्या मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा आणि ती रेकॉर्ड करा. फुगे वगैरे फोडू नका, संरक्षित वास्तू आहे आणि पहारेकरी जवळच असतो. फोनमधली गोंगाट गाळायची सोय आधी बंद करा, टाळीनंतर दहा सेकंद कोणाला बोलू देऊ नका, आणि फाइल वेव्ह स्वरूपात पाठवा, व्हॉट्सअॅपवरून नको, तिथं ती चेपली जाते. तुमच्या आवाजावर इफेक्ट लावायचा असेल तर अप्पर हटला या. हीट पंप बंद असतो, स्वेटर घालून या.